बत्तीस केबीची शाळा

१९८४-८५ या शैक्षणिक वर्षात भारत सरकारने देशभरातल्या २५० माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळा निवडून तिथे कॉम्प्युटर पाठवले. प्रकल्पाचं नाव ‘क्लास’. कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स याची ही आद्याक्षरं. इलेक्ट्रॉनिक्स विभाग, शिक्षण मंत्रालय आणि एनसीईआरटी यांनी मिळून ते काम हाती घेतलं होतं. पुढच्या काही वर्षांत शाळांचा आकडा दोन हजारांच्या वर गेला. एवढा मोठा प्रकार, पण आज त्याबद्दल कुणाला विचारा. ‘राजीव गांधींनी कॉम्प्युटर आणला’ या एका वाक्यात सगळं गुंडाळलं जातं. कोणता कॉम्प्युटर, कुठून आणला, त्याचं पुढे काय झालं, हे कुणी सांगत नाही. बरं, राजीव गांधी पंतप्रधान झाले ते ३१ ऑक्टोबर १९८४ ला. म्हणजे ते शैक्षणिक वर्ष तेव्हा अर्ध्यावर आलं होतं.

कॉम्प्युटर होता बीबीसी मायक्रो. हो, बातम्यांवालीच बीबीसी. १९८० च्या सुमारास बीबीसीने ठरवलं की सामान्य माणसाला टीव्हीवरून कॉम्प्युटर शिकवायचा. पण शिकवणार कशावर? प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं, प्रत्येकाची बेसिक भाषा वेगळी. मग त्यांनी स्वतःच्या नावाचा एक कॉम्प्युटर बनवून घ्यायचं ठरवलं. केंब्रिजच्या एकॉर्न नावाच्या लहानशा कंपनीने आठवडाभरात नमुना उभा करून दाखवला आणि काम पटकावलं. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ही त्यातली दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील. डिसेंबर १९८१ मध्ये यंत्र बाजारात आलं आणि जानेवारी १९८२ मध्ये टीव्ही मालिका सुरू झाली. ब्रिटनच्या शाळाशाळांत हे क्रीम रंगाचं, काळ्या कळांचं आणि वर लाल फंक्शन कळांची रांग असलेलं यंत्र पोचलं. त्यातलं मॉडेल बी म्हणजे ३२ किलोबाइट मेमरी आणि ६५०२ नावाचा प्रोसेसर, वेग २ मेगाहर्ट्झ. तुमच्या फोनमध्ये ६ जीबी रॅम असेल तर ती या यंत्राच्या जवळपास दोन लाख पट आहे. व्हॉट्सॲपवर सकाळी येणारं ‘शुभ सकाळ’चं गुलाबाचं चित्रसुद्धा त्यात मावणार नाही.

भारतात ही यंत्रं ब्रिटनमधून आली आणि इथेही बनली. चंदीगडजवळ मोहालीला सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी होती. तिने एकॉर्नशी करार करून ‘युनिकॉर्न’ नावाने हेच यंत्र काढलं. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्या कंपनीचा चिप बनवण्याचा कारखाना आगीत जळाला. ती गोष्ट वेगळी, आणि तिच्यावर कुणीतरी वेगळं लिहायला हवं.

मला या सगळ्यात रस निर्माण झाला तो एका वहीमुळे.

आमच्या गल्लीत, परभणीत, एक निवृत्त सर राहतात. गणित शिकवायचे. त्यांची नोकरी मराठवाड्यातल्या दोन-तीन गावांत झाली आणि शेवटी घर इथे बांधलं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकलं आहे हे त्यांना कळलं (गल्लीत काहीही कळतं), तेव्हा त्यांनी विचारलं, “काय करायलास बाबा त्या लॅपटॉपवर दिवसभर?” मी म्हणालो, “सर, जुने कॉम्प्युटर चालवून बघतो.” त्यांनी विचारलं, “किती जुने?” आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन दोनशे पानी वही घेऊन आले. पुठ्ठ्यावर निळ्या शाईत ‘संगणक’ असं लिहिलेलं. ते ज्या शाळेत होते ती ‘क्लास’मध्ये निवडली गेली होती. सरांना प्रशिक्षणाला पाठवलं. परत आल्यावर त्यांनी या वहीत हाताने प्रोग्रॅम लिहून काढले. त्यातला सगळ्यात मोठा प्रोग्रॅम गुणपत्रकाचा होता. एका वर्गातली मुलं, सहा विषय, बेरीज, टक्के, पास की नापास.

“चालला होता का?” मी विचारलं.

“अर्धा टाइप केला होता. मग लाइट गेली.”

मराठवाड्यात वाढलेल्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. पण ज्यांच्या फोनमध्ये सगळं आपोआप सेव्ह होतं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या यंत्रात आत डिस्क नव्हती. टाइप केलेलं सगळं रॅममध्ये राहायचं आणि वीज गेली की रॅम कोरी. जपून ठेवायचं तर टेपरेकॉर्डर जोडून कॅसेटवर उतरवायचं, तीच गाण्यांची कॅसेट. वेग १२०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण शंभर अक्षरं. २० किलोबाइटचा प्रोग्रॅम यायला तीन मिनिटांहून जास्त लागायची, आणि मध्येच टेप अडकली तर पुन्हा पहिल्यापासून. फ्लॉपी ड्राइव्ह जोडता यायचा, पण तो असेल तर. सरांच्या शाळेत तो कपाटात असायचा आणि किल्ली हेडमास्तरांकडे.

एका वर्गात साठ मुलं आणि यंत्रं मोजकी. सर सांगतात की एकेका मुलाच्या वाट्याला आठवड्याला काही मिनिटं यायची, आणि त्या मिनिटांतही तीन-तीन मुलं एका कीबोर्डवर. सोबत आलेला मजकूर इंग्रजीत, सॉफ्टवेअर ब्रिटिश शाळांसाठी बनवलेलं. एका खेळात खजिना शोधायचा होता, मुलांना तो आवडायचा. पण त्यातलं प्रत्येक वाक्य सरांना मागे उभं राहून मराठीत सांगावं लागे. प्रकल्पावर पुढे जी टीका झाली तीही साधारण याच मुद्द्यांवर झाली. प्रशिक्षण तोकडं, यंत्रं अपुरी, साहित्य परकं. शिकलेल्या शिक्षकाची बदली झाली की शाळेतला कॉम्प्युटर पोरका. १९९३ नंतर योजनेची मांडणी बदलली, आयबीएमच्या धाटणीचे पीसी आले आणि बीबीसी मायक्रो अडगळीत गेले. डिसेंबर २००४ मध्ये ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ आली, तेव्हा आधीचा ‘क्लास’ हा फक्त संदर्भ उरला होता.

तर ती वही चालवून बघायची होती. यंत्र तर नाही. मिळालं तरी चाळीस वर्षांपूर्वीच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर धूर सोडतात अशी त्यांची ख्याती आहे. म्हणून एम्युलेटर.

एम्युलेटर म्हणजे काय, हे सांगायला मला बहुरूपी आठवतो. आमच्याकडे पूर्वी सणावाराला दारात बहुरूपी यायचा. एक दिवस पोलीस, एक दिवस तलाठी. तो नुसता गणवेश घालत नसे. पोलिसासारखा दरडावायचा, वॉरंट काढून दाखवायचा, लग्नाला का बोलावलं नाही म्हणून अटक करायचा. एम्युलेटर हा असाच बहुरूपी. तो ६५०२ प्रोसेसरचं सोंग घेतो. खऱ्या ६५०२ मध्ये ए, एक्स, वाय असे तीन छोटे कप्पे असतात. एम्युलेटर आपल्या मेमरीत तसे तीन कप्पे मांडतो. खऱ्या यंत्राच्या रॉममधली एक-एक आज्ञा वाचतो, ‘ही आली की खऱ्या प्रोसेसरने काय केलं असतं?’ असं स्वतःला विचारतो आणि तेवढंच करतो. घड्याळाचे ठोकेही मोजतो, सेकंदाला वीस लाख. जास्त वेगात पळणं त्याला सहज शक्य आहे, पण पळायचं नाही, कारण सोंग बिघडेल. आतल्या प्रोग्रॅमला कधीच कळत नाही की आपण प्लास्टिकच्या डब्यात नसून परभणीतल्या एका सेकंडहँड लॅपटॉपवर आहोत.

बीबीसी मायक्रोची सोंगं घेणारे बरेच आहेत. बीबएम हा मुळात युनिक्ससाठी लिहिलेला, १९९४ चा. जेएसबीब तर थेट ब्राउझरमध्ये चालतो, फोनवरसुद्धा. मी बी-एम घेतला. माझ्या लिनक्सच्या सॉफ्टवेअर यादीत तो तयार मिळाला नाही, म्हणून सोर्स कोड उतरवून घरीच शिजवायचा. लागणारी सामग्री थोडी आहे. सी भाषेचा कंपायलर आणि सोबतची अवजारं (उबुंटू किंवा डेबियनवर बिल्ड-एसेन्शियल या एका पॅकेजात बहुतेक येतात), ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, झेडलिब आणि ॲलेग्रो ५. ॲलेग्रो ही खेळ बनवणाऱ्यांची लायब्ररी, ती खिडकी उघडणं, आवाज काढणं आणि कीबोर्ड वाचणं सांभाळते. ती घेताना नावापुढे ‘डेव्ह’ असलेलं पॅकेज घ्यायचं, नाहीतर कंपायलरला तिची ओळख पटत नाही. मग गिटने कोड उतरवायचा, ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक, या क्रमाने तीन आज्ञा. टर्मिनलवरून दोन-तीन मिनिटं ओळी धावतात. लाल अक्षरात काही आलं नाही तर झालं.

चालू केलं की आधी आवाज येतो. एक जाड, लांब ‘बूऽऽ’ आणि त्याला कापत एक बारीक ‘बिप’. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’, खाली ‘बेसिक’, आणि त्याखाली एक बाण, तुमची वाट बघत. मेनू नाही, आयकॉन नाही, ‘अटी मान्य आहेत का’ नाही. चालू झाल्यापासून एका सेकंदाच्या आत तुम्ही प्रोग्रॅम लिहू शकता. आजचं कुठलंही यंत्र मुलाला एवढ्या लवकर इतकी मोकळीक देत नाही, आणि हे मी निव्वळ आठवणींच्या गोडीने म्हणत नाही. माझ्या जन्माआधीचं यंत्र आहे ते, मला कसल्या आठवणी.

सर बाजूच्या खुर्चीत होते. आवाज ऐकून ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला.

कीबोर्डचा एक घोळ समजून घ्यावा लागतो. एम्युलेटर कळांच्या जागा जुन्या यंत्राप्रमाणे धरतो. त्यामुळे अवतरणचिन्ह हवं तर शिफ्ट आणि २. तारा हवा तर सेमीकोलनच्या शेजारच्या कळीवर शिफ्ट. ब्रेकची कळ एफ-१२ वर. माझी बोटं अडखळत होती. सरांना विचारलं तर त्यांनी हवेतच बोट टेकवून दाखवलं, “अवतरण दोनवर.” पस्तीसहून जास्त वर्षांनी. मग मी उठलो आणि खुर्ची त्यांना दिली.

वहीतला पहिला चमत्कारिक प्रकार ओळ २० वर होता: @%=&२०२०९. त्याच्यापुढे वहीत चांदणी काढलेली आणि लिहिलेलं, ‘हे घालावे. कारण विचारू नये.’ प्रशिक्षणात फळ्यावरून उतरवून घेतलेलं, समजावायला वेळ नव्हता. आता कारण सांगता येतं. बीबीसी बेसिकमध्ये आकडे कसे छापायचे हे @% या व्हेरिएबलवर ठरतं. पहिला २ म्हणजे ठरावीक दशांश स्थळं, मधला ०२ म्हणजे दोन स्थळं, शेवटचा ०९ म्हणजे नऊ अक्षरांची रुंदी. ही ओळ काढली तर ६०० पैकी ४१२ गुणांचे टक्के ६८.६६६६६६७ असे येतात आणि तक्ता मोडतो. ओळ ठेवली की ६८.६७. सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन घेऊन वहीत चांदणीच्या बाजूला ते लिहून घेतलं.

दुसरी गोष्ट मला फारच आवडली. ओळ ६० वर आधी ‘टोटल’ लिहिलं होतं, रोमन कॅपिटलमध्ये. ते खोडून ‘एकूण’ केलं होतं, तेही रोमनमध्येच. कारण काय? बीबीसी बेसिक ओळ वाचताना आधी स्वतःचे शब्द हुडकतो. ‘टी-ओ’ म्हणजे ‘टू’ हा त्याचा शब्द, फॉर-नेक्स्टच्या लूपमधला. त्यामुळे टोटलमधली पहिली दोन अक्षरं तो गिळतो आणि उरलेल्या ‘टल’कडे बघून बिथरतो. मी खोडलेली ओळ मुद्दाम टाकून बघितली. लगेच चूक दाखवली. ‘एकूण’ मात्र बिनबोभाट चाललं, कारण तसा कुठलाही शब्द त्याच्या कोशात नाही. इंग्रजी यंत्रावर इंग्रजी नाव अडलं आणि मराठी चाललं! त्यानंतर सरांनी सगळीच नावं मराठी ठेवली. ही भाषा स्वतःची उपकार्यं बनवू देते, त्यांना ‘प्रोसीजर’ म्हणायचं आणि नावाआधी ‘प्रॉक’ लावायचं. वहीत प्रॉकबेरीज आहे, प्रॉकटक्के आहे, प्रॉकनिकाल आहे. त्या काळातल्या बऱ्याच घरगुती कॉम्प्युटरांच्या बेसिकमध्ये ‘गो-टू ४००’ अशा उड्या मारत जावं लागे. नावं देऊन प्रोग्रॅमचे नीट तुकडे पाडायची ही सोय सोफी विल्सनच्या बेसिकची मोठी देणगी. प्रशिक्षण तोकडं असेल, पण सरांनी तेवढं बरोबर उचललं होतं.

टाइप करायला पावणेदोन तास लागले. मध्ये चुकून एफ-१२ दाबला गेला आणि पडदा कोरा झाला. मी गार पडलो. सर हसले आणि चार कळा दाबल्या. ओ-एल-डी, ओल्ड, एंटर. प्रोग्रॅम परत! ब्रेक दाबला तरी प्रोग्रॅम मेमरीतच असतो, त्याची सुरुवात कुठे हे फक्त पुसलं जातं. ‘ओल्ड’ ती खूण परत लावतो. “पोरं मुद्दाम दाबायची,” सर म्हणाले. “मला घाबरवायला. मी ओल्ड केलं की टाळ्या.” वीज गेल्यावर मात्र ओल्डचा उपयोग नसतो.

आर-यू-एन. सरांनी वहीच्या मागच्या पानावरचे पाच मुलांचे गुण घातले, खऱ्या मुलांचे, तेव्हाचे. तक्ता आला. पाचातली एक मुलगी गणितात ३३ वर नापास दाखवली. सर थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. “हिला मी दोन मार्क दिले होते,” ते म्हणाले. “हाताने.” मग त्यांनी ३३ चे ३५ केले आणि पुन्हा चालवलं.

तक्ता रोमन अक्षरांत होता, हे सांगायचं राहिलं. सरांना तेव्हाही नाव मराठीत उमटवायचं होतं. यंत्रात एक फट होती, २२४ पासून पुढच्या अक्षरांचा आकार आपण ठरवू शकतो. प्रत्येक अक्षर म्हणजे आठ बाय आठ चौकटी. प्रत्येक रांगेतल्या चौकटींची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. भरलेल्या चौकटींची बेरीज करायची. परभणीचा ‘प’ असा: शिरोरेघ म्हणजे सगळ्या चौकटी, २५५. खालच्या तीन रांगांत दोन दांड्या, ६४ अधिक २, म्हणजे ६६. मग पोटाची आडवी रेघ, ६२. पुढच्या तीन रांगांत फक्त उजवी दांडी, २. मोड ४ मध्ये जाऊन टाका: व्हीडीयू २३,२२४,२५५,६६,६६,६६,६२,२,२,२. आणि मग व्हीडीयू २२४. पडद्यावर ‘प’ येतो. जेएसबीब उघडून फोनवरही करून बघता येईल.

‘र’ आणि ‘भ’ असेच जमतात. ‘णी’पाशी गाडी अडते. वेलांटीला शिरोरेघेच्या वर जागा हवी आणि वर जागाच नाही. शिरोरेघ दोन रांगा खाली आणली, खाली उकारासाठी एक सोडली, तर अक्षराला उरतात चार रांगा. चार रांगांत ‘ण’ काढून दाखवा. इंग्रजीला आठ पुरतात, आपल्याला नाही. एकाच्या खाली एक अशी दोन घरं वापरायची म्हटली तर जमतं, पण मग पडदाभर जेमतेम सोळा ओळी. याच वर्षांत कानपूरच्या आयआयटीत आणि नंतर पुण्यात सी-डॅकमध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’चं काम चालू होतं, त्यातूनच पुढे १९९१ चं इस्की प्रमाण आलं, आणि युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून झाली. आज तुम्ही ही अक्षरं वाचताय ती त्या वाटेने आलेली. पण ते शाळांतल्या या यंत्रापर्यंत पोचलं नाही.

आता ती दोन नावं. ‘क्लास’ची यंत्रं भारतातल्या शाळांत पोचत होती, त्याच काळात विल्सन आणि फर्बर एकॉर्नमध्ये स्वतःचा प्रोसेसर बनवत होते. तो बनवण्याआधी फर्बर यांनी त्याची प्रतिकृती बीबीसी बेसिकमध्ये लिहिली होती, सुमारे आठशे ओळींची. म्हणजे बीबीसी मायक्रोवर चाललेला एम्युलेटरच, फक्त अजून न जन्मलेल्या यंत्राचा. २६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप कारखान्यातून आली, बीबीसी मायक्रोला जोडली आणि पहिल्याच दिवशी चालली. तिचं नाव एआरएम, आर्म. आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आम्ही उगाच म्हणत असतो. पण मराठवाड्यातल्या एका शाळेत कपाटात कुलूपबंद असलेलं यंत्र आणि आज बसस्टँडवर प्रत्येकाच्या हातात असलेला फोन हे नात्यातले आहेत, हे खरंच आहे.

सरांचा प्रोग्रॅम मी डिस्क इमेज म्हणून जतन केला. जुन्या फ्लॉपीइतकीच, २०० किलोबाइटची फाइल. पेन ड्राइव्हवर एक प्रत, सरांच्या नातवाच्या फोनवर एक. वहीत शेवटी आणखी एक पान आहे. वर लिहिलंय ‘प्रॉकक्रम’, म्हणजे पहिला-दुसरा-तिसरा नंबर काढायचा. तीन ओळी आहेत आणि पुढे कोरं. दोन मुलांना सारखे टक्के पडले तर क्रम कसा लावायचा, यावर सर अडले होते. काल संध्याकाळी त्यांनी वही परत मागून नेली, आणि जाताना माझ्याकडून एक पेन्सिलही.